वाचणारा कोण उरेल?



मृगाचे चार शिंतोडे पडून गेले. कर्नाळ्याच्या अंगठ्यावर ढग टेकायला लागले की आमच्याकडे दोन धावपळी एकदमच सुरू होतात. एक राबाची आणि दुसरी पोरांच्या प्रवेशाची. परवा संध्याकाळी आमचे शेजारी असेच चिखलाच्या पायांनी ओटीवर येऊन बसले. मागोमाग त्यांची मुलगी. तिच्या हातात कॉलेजचा कागद होता आणि चेहरा उतरलेला.

मुलगी कला शाखेत शिकते. पुढच्या वर्षी मुख्य विषय मराठी घ्यायचा तिचा बेत. कॉलेजने फलक लावला की मुले पुरेशी नसल्यामुळे मराठीचा मुख्य विषयाचा वर्ग यंदा चालणार नाही आणि उर्दूचाही नाही. मराठीला नावे आली होती सात, उर्दूला चार. त्या अकरा पोरापोरींनी मिळून अर्ज लिहिला होता. तो आमच्याकडून तपासून घ्यायला ती आली होती.

बापाचे म्हणणे निराळेच. ते म्हणाले, "बंद झाला तं बरा झाला. मराठीची कसली डिग्री? ती तं आमी घरान बोलतावच."

मंडळी, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येक बापाच्या मनात तो असतो. आमच्या भागात जमिनी रस्त्यांत गेल्या, कारखान्यांत गेल्या, विमानतळात गेल्या. शेत गेले तिथे शिक्षण हेच शेत. मग त्यात काय पेरायचे याचा विचार माणूस करणारच. तेव्हा आज या प्रश्नाचे उत्तर आपण नीट, हिशेबाने शोधू या.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. ही तक्रार आपल्या तालुक्यापुरती नाही. कॅनडा देशात ओंटारियो प्रांतात सडबरी नावाचे खाणींचे शहर आहे. प्रांत इंग्रजी बोलणाऱ्यांचा, पण तिथे पिढ्यान्‌पिढ्या फ्रेंच बोलणारी मंडळीही राहतात. अल्पसंख्याक म्हणा ना. त्यांच्यासाठी १९६० पासून लॉरेन्शियन विद्यापीठात इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत शिकवत. फेब्रुवारी २०२१ मध्ये हे विद्यापीठ कर्जात बुडाले आणि देणेकऱ्यांपासून संरक्षण मागायला कोर्टात गेले. १२ एप्रिल २०२१ रोजी त्याने ६९ अभ्यासक्रम एका दिवसात बंद केले. त्यांतले २८ फ्रेंच भाषेतले होते. शंभरावर प्राध्यापक घरी बसले. विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी निदर्शने केली, पण तो निर्णय फिरला नाही.

पुढची गोष्ट मात्र शेतकऱ्याने कान देऊन ऐकावी अशी आहे. २०२२ मध्ये त्या प्रांताच्या लेखापरीक्षकांनी विद्यापीठाची वहीखाती तपासली. तेव्हा दिसले ते असे, की विद्यापीठ मुख्यतः बुडाले ते कारभाऱ्यांनी कर्ज काढून केलेल्या इमारतींच्या खर्चामुळे. म्हणजे कर्ज झाले बंगल्यापायी आणि विकली गेली गोठ्यातली गाय. भाषेचा वर्ग तोट्यात चालतो असे कोणी सांगितले, तर आधी पूर्ण वही पाहायला मागावी, हा धडा यातून घ्यायचा.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. वेस्ट व्हर्जिनिया हा डोंगराळ, कोळशाच्या खाणींचा मुलूख. तिथले विद्यापीठ १८६७ मध्ये सुरू झाले ते शेतकी कॉलेज म्हणून. सरकारने जमीन देऊन कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी ज्या संस्था काढल्या, त्यांतलेच हे एक. २०२३ मध्ये साडेचार कोटी डॉलरची तूट आली म्हणून विद्यापीठाने परकीय भाषांचा अख्खा विभागच मोडीत काढायचे ठरवले. २१ ऑगस्ट २०२३ रोजी शेकडो विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर आले. अनेकांनी गळ्याला लाल रुमाल बांधले होते. शंभर वर्षांपूर्वी त्याच मुलखातले खाणकामगार हक्कासाठी उठले, तेव्हा त्यांनी असेच लाल रुमाल बांधले होते. म्हणजे आजोबांची खूण नातवंडांनी काढली. तरीही १५ सप्टेंबर २०२३ रोजी विद्यापीठाच्या मंडळाने २८ पदव्या आणि शिक्षकांच्या १४३ जागा रद्द केल्या. भाषा शिकवणाऱ्यांच्या थोड्या जागा तेवढ्या वाचल्या.

त्या विद्यार्थ्यांचे म्हणणे साधे होते. श्रीमंतांच्या मुलाला दुसरी भाषा कुठेही शिकता येईल. खाणकामगाराच्या मुलाला ती सरकारी विद्यापीठातच शिकता येते. तिथला दरवाजा लावला की त्याच्यापुरती ती भाषा जगातूनच गेली.

आता आपल्या घरचा इतिहास पाहू. आज मराठी हा आपल्या राज्यात थोरला विषय आहे, म्हणून आपल्याला वाटते की असली वेळ दुसऱ्या भाषांवर यायची. पण मुंबई विद्यापीठातून एके काळी मराठीलाच बाहेर काढले होते, हे किती जणांना ठाऊक आहे?

मुंबई विद्यापीठ १८५७ चे. सुरुवातीला परीक्षांना देशी भाषा घेता येत. पुढे १८६० नंतरच्या दशकात त्या मॅट्रिकच्या वरच्या परीक्षांतून काढून टाकल्या. कारण काय सांगितले? तर या भाषांत पदवीला लावण्याजोगे वाङ्मय नाही. संस्कृत, लॅटिन, अरबी, फारसी या अभिजात भाषा, त्या घ्याव्यात. ज्ञानेश्वर-तुकारामांची भाषा अशा रीतीने उंबऱ्याबाहेर बसली.

ही गोष्ट मनाला लावून घेतली ती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी. ते याच विद्यापीठाचे अगदी पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, १८५९ मध्ये मॅट्रिक झालेले. म्हणजे एका माजी विद्यार्थ्याने आपल्या विद्यापीठाशी घातलेला हा वाद होता. त्यांनी आरडाओरडा केला नाही. मराठीत किती ग्रंथ आहेत, कोणत्या विषयांवर आहेत, दर वर्षी किती निघतात, याची मोजदाद केली आणि ती विद्यापीठापुढे ठेवली. ठराव आणले, ते पडले, पुन्हा आणले. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे वारले आणि त्याच सुमारास एम. ए. च्या परीक्षेत मराठीला जागा मिळाली. म्हणजे बाहेर काढायला एक ठराव पुरला आणि आत यायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

शेतात बांध फुटायला एक रात्र पुरते, खांड बुजवायला हंगाम जातात. तसेच हे आहे.

पुढे १९१६ मध्ये महर्षी कर्व्यांनी पुण्यात महिला विद्यापीठ काढले आणि मुलींना मातृभाषेतून पदवीपर्यंत शिकवायला सुरुवात केली. त्या विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. आणि गंमत पाहा. अभिजात नाही म्हणून जिला एकदा बाहेर ठेवले, त्या मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने अभिजात भाषेचा दर्जा दिला. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मराठी भाषेचे विद्यापीठही निघाले. दर्जा मिळाला, विद्यापीठ निघाले, आणि तालुक्याच्या कॉलेजात सात मुलांचा वर्ग मात्र बंद! शिखराला सोने लावायचे आणि पायरीचा दगड काढून न्यायचा, यातला प्रकार.

विरोध केला तर कधी यश येते का? येते. मार्च २०१३ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाने नवे नियम काढले. मातृभाषेतून परीक्षा लिहायची तर पदवी त्याच माध्यमातली हवी आणि त्या भाषेचे निदान २५ उमेदवार हवेत, असे त्यांत होते. खेड्यातली कितीतरी मुले शेती, विज्ञान, इंजिनिअरिंग इंग्रजीतून शिकतात, पण विचार मराठीत मांडतात. त्यांच्या वाटेवर हा धोंडाच होता. महाराष्ट्रातून आणि दक्षिणेच्या राज्यांतून जोराचा विरोध झाला, संसदेत आवाज उठला आणि त्याच महिन्यात सरकारला माघार घ्यावी लागली. उमेदवार, शिक्षक आणि निवडून दिलेले प्रतिनिधी असे सगळे एका सुरात बोलले, म्हणून ते साधले.

आता शेजाऱ्यांच्या मूळ प्रश्नाकडे वळू. या पदवीचा उपयोग काय?

मी त्यांना म्हटले, "तुमच्या ट्रंकेत आजोबांच्या वेळचा तो कागद आहे ना, जमिनीचा? काय लिहिलंय त्यात?"

ते गप्प झाले. कागद मोडीत आहे. घरात तो कोणाला वाचता येत नाही. मला येत नाही. गावात ज्यांना येत होते, ते जाऊन वर्षे झाली. वाडवडिलांची जमीन कोणाकडून, कशी आली हे ज्या कागदावर आहे, तो कागद घरातच मुका होऊन पडला आहे. मुलगी खाली मान घालून म्हणाली, "काका, मला तोच वाचायचाय."

मोडी शिकायला पदवीच लागते असे नाही, हे खरे. सरकारच्या पुराभिलेख खात्यातर्फे मोडीचे वर्ग भरतात, आणखीही काही संस्था शिकवतात. पण अक्षर लागले म्हणून अर्थ लागतो का? जुनी मराठी कळावी लागते. कारभारातले फारसी शब्द कळावे लागतात. तुमचा सातबारा आणि जमिनीचे कागद काढून पाहा. मौजे, तालुका, जिल्हा, कब्जेदार, खराबा, महसूल, तहसीलदार, जमाबंदी, अर्ज, वारस, नक्कल. हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत. उर्दू आणि फारसी आपल्याला परकी वाटते, पण आपली जमीन गेली कैक शतके त्याच शब्दांत मोजली जाते आहे.

याचा पुरावा सगळ्या महाराष्ट्राने नुकताच पाहिला. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. जुन्या दप्तरांतून कुणबी नोंदी शोधायचे काम तिच्याकडे होते. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडे, तिथला कारभार उर्दूत. बाकीकडची जुनी दप्तरे मोडीत. गठ्ठेच्या गठ्ठे बाहेर निघाले आणि मोडी जाणणारे कुठे आहेत, उर्दू-फारसी वाचणारे कुठे आहेत, अशी जिल्ह्याजिल्ह्यांत शोधाशोध झाली. आरक्षणाबद्दल कोणाचे मत काहीही असो, त्या वादात आपल्याला इथे पडायचे नाही. पण लाखो शेतकरी कुटुंबांचे लक्ष ज्या कागदांकडे लागले होते, ते वाचायला चार पोरांच्या वर्गात शिकलेलीच माणसे लागली. मग तो चार पोरांचा उर्दूचा वर्ग कोणाच्या कामाचा? फक्त त्या चौघांच्या, की आपल्या सगळ्यांच्या?

दुसरे उदाहरण आपल्या खारातले घ्या. पनवेल-उरणच्या खारजमिनीत पूर्वी काळा राता, भुरा राता असे लाल भाताचे वाण असत. उतारा बेताचा, तांदूळ जाडा, बाजारात भाव नाही. जया, रत्ना आल्यावर राता कोण लावणार? पण खाडीचे पाणी उघाडीतून आत शिरले की नवे वाण माना टाकत आणि राता उभा राही. पुढे शास्त्रज्ञांना खार सोसणारे भात हवे झाले, तेव्हा ते या जुन्या वाणांकडे वळले. काळा राता आज जगातल्या भात संशोधकांच्या खार सोसणाऱ्या वाणांच्या यादीत आहे. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे पनवेल १, २, ३ हे वाण दिले, ते खाऱ्या जमिनीसाठीच. भाव नाही म्हणून सगळ्यांनीच राता टाकून दिला असता, तर तो गुण आणायचा कुठून होता?

भाषेचेही तसेच आहे. आपल्या रायगड जिल्ह्यात मुरूड तालुक्यात कोर्लई गाव आहे. तिथल्या ख्रिस्ती शेतकरी कुटुंबांत पोर्तुगीजांच्या वेळेपासून पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणाची एक बोली चालत आली आहे. पोर्तुगीज तिथून १७४० मध्ये गेले, बोली राहिली. बोलणारे हजाराच्या आसपास. क्लेमंट्स नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने तिच्यावर १९९६ मध्ये मोठा ग्रंथ काढला. आमच्या कर्नाळ्याच्या आसपासच्या वाड्यांवर कातकरी बोली आहे, ठाकरी आहे. रानातल्या कंदाची, पाखराची, मासळीची जी नावे त्या बोलीत आहेत, ती आपल्या पुस्तकी मराठीत सापडत नाहीत. गणेश देवींनी देशभर भाषांचे लोकसर्वेक्षण केले, तेव्हा ७८० भाषा नोंदवल्या गेल्या. असली नोंद करायला भाषा शिकलेली माणसे लागतात, आणि ती पदवीच्या वर्गातच तयार होतात.

आता कॉलेजची बाजूही ऐकली पाहिजे. एकतर्फी पंचायत आपल्याला नको. सात मुलांसाठी एक प्राध्यापक ठेवणे महागात पडते, हे खरे. प्रत्येक कॉलेजात प्रत्येक भाषा हवी, असा हट्ट धरता येणार नाही. पण मुले का येत नाहीत, हेही पाहावे. शिक्षक निवृत्त झाला की जागा रिकामी राहते. मग तासांवर येणारा माणूस नेमतात. तो दर वर्षी बदलतो. वर्ग धड होत नाहीत, म्हणून मुले येत नाहीत. आणि मुले येत नाहीत म्हणून जागा भरत नाहीत. विहीर उपसायची नाही आणि पाणी आटले म्हणून बुजवायची, असा हा कारभार. चार कॉलेजांनी मिळून एकाच ठिकाणी वर्ग चालवला, तर खर्चही वाचेल आणि विषयही वाचेल.

म्हणून मंडळी, तुमच्या घरी कोणाच्या मुलामुलीवर अशी वेळ आली, तर काय करावे ते सांगतो.

पहिले, तोंडी विचारू नका, लेखी विचारा. वर्ग एका वर्षापुरता बंद आहे की कायमचा? विद्यापीठाला कळवले आहे काय? शिक्षकाची जागा केव्हापासून रिकामी आहे? अनुदानित कॉलेज असेल, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर हे विचारता येते.

दुसरे, आजूबाजूच्या कॉलेजांत त्याच विषयाची मुले किती आहेत, ती मोजा. सात इथली, पाच तिथली, सहा पलीकडची मिळून अठरा होतात. रानड्यांनी पुस्तके मोजली होती, तुम्ही मुले मोजा. आकडा हातात असला की बोलणे ऐकले जाते.

तिसरे, मराठीच्या मुलांनी उर्दूच्या मुलांना सोडून आपल्यापुरते भांडू नये. बेळगावात मराठी मुले अल्पसंख्य आहेत, इथे उर्दू, कन्नड, गुजराथी, सिंधी शिकणारी मुले अल्पसंख्य आहेत. तिकडे आपल्याला जो न्याय हवा, तोच इकडे दुसऱ्याला द्यावा.

चौथे, वर्ष वाया घालवू नका. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात घरी राहून मराठी घेऊन पदवी करता येते. अर्ज चालू ठेवा आणि शिक्षणही चालू ठेवा.

पाचवे, आणि हे बापांसाठी. मुलांना एकट्याने पाठवू नका, बरोबर जा. १९३० मध्ये चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला, १९८४ मध्ये जासईला जमिनीसाठी लोक उभे राहिले, तेव्हा घरेच्या घरे बाहेर आली होती. आपल्या भागाला हक्क मागणे शिकवावे लागत नाही. मात्र दगड उचलू नये आणि कोणाचा अपमान करू नये. प्राचार्यही शेवटी कोणाच्या तरी हुकमाचे बांधलेले असतात.

तर मंडळी, त्या संध्याकाळी आम्ही अकरा मुलांचा अर्ज पुन्हा लिहिला. रागाची वाक्ये काढली, प्रश्न घातले. खाली सह्यांसाठी जागा सोडली. शेजारी बराच वेळ चिमणीकडे बघत बसले होते. उठताना म्हणाले, "सोमवारी लावणीची मानसा सांगितलीन. पन सकाळची येल हाय. मी येतो तिच्याबरोबर." आणि कागद दुमडून त्यांनी तो स्वतःच्या खिशात ठेवला.

अर्जाचे काय होईल ते आज सांगता येत नाही. सडबरीच्या मुलांचे झाले नाही, २०१३ मध्ये आपले झाले. पण विचारलेच नाही, तर उत्तर 'नाही' हेच ठरलेले असते.

तुमच्या घरीही अशी एखादी ट्रंक असेल. सवडीने उघडून पाहा. आतला कागद कोणत्या लिपीत आहे, तो कोण वाचू शकतो, हे घरातल्या पोरांना विचारा. कोणालाच येत नसेल, तर एकाला शिकू द्या.

पाऊस सगळ्यांना वेळेवर पडो.